पाळण्याचा परवाना

कोल्हापुरात मिसळीची गाडी लावायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. उलाढाल कितीही किरकोळ असली तरी यातून सूट नाही. राजारामपुरीत किंवा फुलेवाडीत एखाद्या बाईंनी आपल्या दोन खोल्यांत दहा तान्ही मुलं सकाळी नऊ ते संध्याकाळी सात सांभाळायची ठरवली, तर काय लागतं? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असलेल्या धंद्याला रीतसर नोंदणीचीही गरज नाही. धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाइन दिली की झालं. तेवढ्यालाच लोक ‘शॉप ॲक्ट काढला’ म्हणतात. त्या अर्जापुरतं पाळणाघर, झेरॉक्सचं दुकान आणि ब्यूटी पार्लर यांत काही फरक नाही. मुलांना मऊभात शिजवून घालणार असाल तर मात्र अन्नाची नोंदणी आली. म्हणजे सरकार भाताची चौकशी करील, भात खाणाऱ्याची करणार नाही.

मूल सहा वर्षांचं झालं की २००९ चा शिक्षणहक्क कायदा त्याची दखल घेतो. तीन ते सहा या वयासाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी ‘प्ले स्कूल’विषयीच्या मार्गदर्शक सूचना आहेत. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, असं त्या सांगतात. २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानेही या वयोगटाच्या खासगी केंद्रांना आपली माहिती पोर्टलवर भरायला लावली. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र कोणी वाली नाही. राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात, २००२ च्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या संगोपनासाठी राज्य ‘प्रयत्नशील राहील’ असं म्हटलेलं आहे. आपल्याकडे ज्या कामासाठी कोणी प्रयत्नशील असतो, ते काम कुठवर आलं हे विचारायची पद्धत नाही.

कायदा येतो तो नंतर. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे, मूल ज्या संस्थेच्या हवाली केलं आहे तिथल्याच माणसाने त्याचा छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. अटक झाली, संताप झाला, नियम करण्याच्या घोषणा झाल्या. त्या पाळणाघरात कॅमेरा होता. त्याने मारहाण थांबवली नाही, ती टिपून ठेवली. तरी आजही नियमावलीची चर्चा निघाली की पहिली सूचना कॅमेऱ्याचीच येते. कॅमेरा विकत मिळतो, म्हणून असेल.

या सगळ्यावरून पाळणाघरांना परवाना सक्तीचा करा, ही मागणी सरळ निघते. मला ती अर्धीच मान्य आहे. परवाना हवा. पण तो फक्त सांभाळणाऱ्या काकूंकडे मागून भागणार नाही, कारण मूल त्यांच्या दारात येतं ते कुणाच्या तरी कामासाठी आई घराबाहेर पडते म्हणून. काम करवून घेणाऱ्याला आपण काय विचारतो, हे आधी पाहायला हवं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामाला लागल्या तेव्हा तान्ह्या मुलांची सोय अफूने केली. ‘बाळगोळी’ नावाने ती सर्रास मिळे. सकाळी एक गोळी दिली की मूल दिवसभर निपचित पडून राही. १९२० च्या दशकात डॉक्टर बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं दिसून आलं. त्या आया निर्दय नव्हत्या. दहा तास साच्यावर उभं राहायचं आणि मूल घरात एकटं, अशा वेळी रडून रडून पडण्यापेक्षा ते झोपलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब होता. पुढे १९३४ च्या कारखाने कायद्याने सरकारला अधिकार दिला की पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्याला मुलांसाठी खोली ठेवायला लावावी. १९४८ च्या कायद्याने ती सक्तीची केली आणि १९७६ मध्ये पन्नासाचे तीस झाले. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने गणित बदललं: स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी असले की पाळणाघर आलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच पन्नासाचा आकडा आहे. केवळ बायका मोजल्या तर बायकांना कामावर घेणंच महाग पडतं, तिसावर भरती थांबवण्याचा मोह होतो. त्या अर्थाने ही सुधारणा चांगली. पण नव्वद वर्षांच्या या सगळ्या खटाटोपात कारखान्याच्या दारात मोजणी झाली ती बायकांची, नाहीतर सगळ्या कामगारांची. मुलं किती आहेत, हे तिथे कोणी विचारलं नाही.

दुसरीकडे ते विचारलं गेलं होतं. १९५१ च्या मळेकामगार कायद्यात बायका पन्नास नसल्या, पण त्यांची सहा वर्षांखालची मुलं वीस असली तरी पाळणाघर द्यावं लागे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर पाचावरच भागवलं. कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच मुलं आली की एका बाईला मजुरी देऊन त्यांच्यापाशी बसवायचं. प्रत्यक्षात ती बाई कितीदा बसली हा भाग वेगळा, पण मोजायचं कुणाला हे त्या कायद्याला कळलं होतं.

आता हे आकडे कोल्हापूर जिल्ह्यावर ठेवून पाहा. इचलकरंजीत मागावर कांडी पुरवणारी बाई पाच-दहा माणसांच्या शेडमध्ये असते. हुपरीत चांदीचे घुंगरू जोडणारी आपल्या घरातच बसलेली असते. कोल्हापुरी चपलेची वेणी वळणारीचंही तेच. यांच्या कामाच्या जागी पन्नास माणसं कधीच भरणार नाहीत. त्यांचं मूल मागाच्या खडखडाटात किंवा चांदी उजळायच्या रसायनांशेजारी वाढतं आणि आपण त्याला ‘घरच्या घरी काम, मुलांकडे लक्षही राहतं’ असं म्हणून मोकळे होतो.

आणि ऊस. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. करार मुकादमाशी, उचल मुकादमाकडून. मजूर ज्या कारखान्यासाठी तोडतो, त्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. मोजणीचं एकक आहे ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. बायका मोजून पाळणाघर देणारा कायदा इथे आला तरी त्याला बाई सापडणार कुठे? ती अर्धा कोयता आहे. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, थंडीत मूल कोपीत ठेवायचं की सोबत न्यायचं हा निर्णय रोजचा. सोबत नेलं तर गाडीखाली सावली बघून झोळी बांधायची, नाहीतर पाचटावर निजवायचं. आजूबाजूला ट्रॅक्टर मागे-पुढे होत असतात. कोपीत ठेवलं तर सात-आठ वर्षांच्या बहिणीला मागे ठेवायचं, म्हणजे तिची शाळा गेली. साखरशाळा निघाल्या, त्या तिच्यासाठी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने मूळगावी वसतिगृहं काढली, तीही शाळकरी मुलांसाठी. कडेवरच्या भावाचं काय करायचं, हे न ठरवता बहिणीला शाळेत बोलावलं की ती एक तर येत नाही, नाहीतर भावाला घेऊन येते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार पूर्वी उमगलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे उभं केलं, त्यात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होती. विकासवाडी म्हणत त्याला. मूल अंगणात येत नसेल तर आपणच त्याच्या अंगणात जायचं, या त्यांच्याच विचारातून आजच्या अंगणवाडीचं नाव आलं. त्यांनी आधी परवान्याची नियमावली लिहिली असती तर कोसबाडच्या झोपड्यांतलं एकही अंगण तिच्यात बसलं नसतं.

परवान्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालचं मूल पैसे घेऊन दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं तर ‘ऑफस्टेड’कडे नोंदणी करावी लागते. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. मुलं सुरक्षित राहतात, आणि खर्च इतका वाढतो की अनेक आया नोकरी सोडतात. घरात मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बायकांची संख्या तिथे गेल्या दहा-बारा वर्षांत निम्म्याच्याही खाली आली आहे. याला एकटी नियमावली कारणीभूत नाही, कमाई आणि कागदपत्रं यांचा मेळ बसला नाही, हे कारण मोठं. तीच नियमावली कोल्हापुरात लावली तर टिकतील ती मोठ्या शहरांतल्या साखळी कंपन्यांची, रंगीत भिंतींची केंद्रं. सीपीआर रुग्णालयातल्या कंत्राटी परिचारिकेला किंवा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मुलीला तिथली फी झेपणार नाही. ती पुन्हा शेजारच्या काकूंकडेच जाईल, फक्त काकूंनी आता पाटी काढून ठेवलेली असेल. पाटी नसलेल्या पाळणाघराची तपासणी कोण करणार?

म्हणून काकूंसाठी परवाना हलका असावा, पण भेट वरचेवर व्हावी. नाव नोंदवणं फुकट. दोन-तीन गोष्टींवर तडजोड नाही: मुलांची संख्या, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराचं शिक्षण. आणि इथलं घर असेल तर पुराचा प्रश्न. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ मध्ये नागाळा पार्क, शाहूपुरीत पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा शिरलं. दहा तान्ही मुलं तळमजल्यावर असतील तर ३९ फुटांना काय करायचं, हे दिल्लीत छापलेल्या कोणत्याही नमुन्यात विचारलेलं नसेल. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसने ते विचारलं पाहिजे.

वरचेवर भेट देणार कोण, माणसं कुठून आणणार, असं लगेच म्हटलं जाईल. या जिल्ह्याने तरी ते म्हणू नये. इथे गावोगाव, रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक म्हशीच्या दुधाचं फॅट तपासलं जातं आणि उत्पादकाच्या खात्यावर लिहिलं जातं. ही यंत्रणा सरकारी साहेबांनी जीपमधून येऊन उभी केलेली नाही, गावातल्याच माणसांच्या सोसायट्यांनी केली. पाळणाघरांची सोसायटी का होऊ नये? अहमदाबादेत ‘सेवा’च्या बायकांनी बालसेवेची सहकारी संस्था काढून ती चालवून दाखवली आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ जाहीर केली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गावातलं पाळणाघर आणि सांभाळायला रोजगार हमीवरच्याच बायका, प्रशिक्षण देऊन. कागल ओलांडून निपाणीला जाण्याइतकं ते जवळ आहे.

यात पैसा लागतो, हे टाळून बोलण्यात अर्थ नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. हा दंड आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. ते शिक्षण मोफत होतं आणि त्यासाठी शाळा काढण्याचा भार संस्थानाने उचलला होता, हा भाग भाषणात येईपर्यंत वेळ संपलेली असते. सक्ती करायची ती खर्चाची तयारी ठेवून.

उसाच्या बाबतीत खर्चाचा मार्ग अर्धा तयारच आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ आहे, आणि गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी त्याला दहा रुपये द्यायचे, असं ठरलेलं आहे. शिवाय परवानाही आहे, आणि तो काकूंच्या शॉप ॲक्टपेक्षा कितीतरी वजनदार. कोणताही साखर कारखाना पुण्याच्या साखर आयुक्तांच्या गाळप परवान्याशिवाय हंगाम सुरू करू शकत नाही. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, थकवली तर तो अडवून धरता येतो. बॉयलर पेटवायच्या घाईत असलेला चेअरमन या एका कागदासाठी किती धावाधाव करतो, ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

त्या परवान्यात एक अट घाला. टोळी ज्या तळावर उतरेल तिथे सहा वर्षांखालची पाच मुलं असली की एक कोरडी, पत्र्याची का होईना पण दाराची खोली, प्यायचं पाणी, आणि टोळीतल्याच दोन बायकांना कोयत्याच्या मजुरीइतका पगार देऊन दिवसभर मुलांपाशी बसवणं. पैसे टनामागच्या दहा रुपयांतून. तपासणी गावच्या अंगणवाडी सेविकेने करायची, त्याचा वेगळा भत्ता तिला द्यायचा, आणि तिच्या सहीशिवाय पुढच्या हंगामाचा अर्ज पुढे सरकायचा नाही. मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असं कारखाने म्हणतील. परवाना मुकादमाच्या नावावर निघत नाही, कारखान्याच्या नावावर निघतो.