आपलं कोणी आहे का इथं?

थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या पुलावर सकाळी दहालाच फोटोसाठी रांग लागली होती. रुळांवरून चालता येतं. गाडी आली की कडेच्या सज्जात सरकून उभं राहायचं. माझाही फोटो निघाला. गॉगल कपाळावर, हात लोखंडी कमानीला टेकलेला, तोंडभर हसू. घरी आल्यावर तो कुणाला दाखवावासा वाटेना.

हा पूल जगाला ठाऊक झाला तो १९५७ च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटामुळे. चित्रीकरण झालं श्रीलंकेत, आणि खरा पूल होता मे क्लाँग नदीवर. पण पाहुणे क्वाय कुठंय म्हणून विचारू लागले, तेव्हा साठच्या दशकात नदीच्या या भागाचंच नाव बदललं. गिऱ्हाइकासाठी नदीचं बारसं! हसू येतं खरं, पण मीही त्या गिऱ्हाइकांतलाच.

तिथून युद्धस्मशानात गेलो. बारीक कापलेलं गवत, ओळीनं जवळपास ७,००० कबरी. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. त्या पुलावरून जाणारा, सयाम आणि ब्रह्मदेश जोडणारा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपान्यांनी १९४२-४३ मध्ये युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. त्यातले बारा हजारांवर दगावले. उपासमार, मारझोड, पावसाळ्यात पटकी. शिळांवरची वयं वाचत गेलो. बावीस. चोवीस. पुन्हा बावीस.

आमच्याबरोबर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते प्रत्येक ओळीपाशी वाकत, पुढं सरकत. शेवटी मला म्हणाले, “अहो, आपलं कोणी आहे का इथं?”

मी मनात ओशाळलो. मेलेल्यांतही आपला-परका? पण काका चिकाटीचे. प्रवेशद्वाराच्या इमारतीत त्यांना अकरा नावं सापडली. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातली माणसं; थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरलेली. तिथल्या त्यांच्या कबरी राखणं जमलं नाही, म्हणून नावं इथं कोरली. “फाळणीच्या आधीचे ना? मग आपलेच की,” काका म्हणाले आणि टोपी काढून उभे राहिले.

आता वाटतं, प्रश्न काकांचाच बरोबर होता. आम्ही तो अकरावरच थांबवला. या मार्गावर कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त आशियाई मजूर राबले. ब्रह्मी, जावानीज, मलायी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. त्यांची संख्या दोन लाखांवर धरतात. मेलेल्यांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास जातो. कुणाला चांगल्या मजुरीचं आमिष दाखवलं, कुणाला सरळ उचललं. काहींबरोबर बायकापोरंही होती. कैद्यांमध्ये निदान लष्करी डॉक्टर होते, अधिकारी होते, लपवून ठेवलेल्या नोंदी होत्या. त्या नोंदींवरून युद्धानंतर रानातली थडगी शोधून अवशेष इथं आणता आले. मळ्यावरच्या मजुराची नोंद कोण लपवून ठेवणार? पटकी आली की छावणीच्या छावणी ओस पडायची आणि मागं विचारणारा कुणी उरायचा नाही.

म्हणजे माझे डोळे भरून आले ते कुणीतरी आधीच हिशेब ठेवला होता तेवढ्यांसाठी. बावीस हा आकडा वाचता आला म्हणून गलबललो. ज्याचं वयच कुणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी गलबलायला थोडे कष्ट घ्यावे लागतात, आणि आमची बस साडेबाराला जेवणासाठी निघणार होती.

परतल्यावर कळलं, त्याच गावात एका बौद्ध विहाराच्या आवारात तमिळ मंडळींनी या मजुरांसाठी २०२३ साली ‘नडुकल’ उभारलाय. नडुकल म्हणजे आपला वीरगळ. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं एक आहे. खाली गुरांसाठीची झुंज, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग. नाव नाही, साल नाही, तरी पोळ्याला कुणीतरी शेंदूर लावून जातं.

काकांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मग विचारलं, “काय कोरलंय हो त्यावर?”

“पाहिला नाही, काका. आपण तोवर जेवायला बसलो होतो.”