वृद्ध लेव्याचा पहारा
(गणना ८:२३-२६)

लेव्यांविषयीच्या नियमांत एक लहानशी गोष्ट आहे, ती वाचताना सहज सुटते. लेव्याने पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे व पन्नासाव्या वर्षी ते काम सोडावे, असे देवाने मोशेस सांगितले. परंतु काम सोडल्यावरही त्याने आपल्या भाऊबंदांबरोबर पहाऱ्यास साहाय्य करावे, असेही ठरविले. म्हणजे वृद्ध लेव्यास घरी धाडले नाही, आणि तरुणाच्या खांद्यावरचे ओझेही त्याच्याकडे परत दिले नाही.

ही गोष्ट आम्हांस परभणी शहरी एका निवृत्त पाळकांच्या घरी आठवली. कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, तेव्हा ते तरुण उपदेशक होते. २०११ साली शहराची महानगरपालिका झाली, तेव्हा ते निवृत्त झाले होते. ज्या बांधांवरून ते सायकलीने खेड्यांतील उपासनेस जात, तेथे आता घरांच्या रांगा आहेत. मंडळीचे घर सोडून ते वसमत रस्त्याकडे दोन खोल्यांत राहतात. शेजाऱ्यांस ते कोण, हे ठाऊक नाही.

पहाटे उठून ते एक जुनी वही उघडतात. तींत गावागावांतील कुटुंबांची नावे आहेत. जे ऊसतोडीस गेले, त्यांच्या नावापुढे खूण आहे. एकेक नाव घेऊन ते प्रार्थना करतात. मग भाजी आणावयास जातात. रविवारी मागच्या बाकावर बसतात.

पण खरी परीक्षा दुपारी येते. मंडळीतील कोणी येऊन म्हणतो, “साहेब, आपल्या वेळी असे नव्हते,” आणि नव्या पाळकांचे गाऱ्हाणे सांगू लागतो. वृद्धाच्या मनास याहून गोड मोह नाही! ते चहा देतात व म्हणतात, “चला, हे त्यांच्यासमोर बोलू, मी बरोबर येतो.” असे ऐकून किती जण उठले, हे आम्ही विचारले. “एकच,” ते म्हणाले.

पाळकी सुटली म्हणजे सेवा सुटली, असे समजणाऱ्यांनी बाबा पदमनजींकडे पाहावे. १८६७ साली त्यांस दीक्षा मिळाली व ते पुण्याच्या मंडळीचे पाळक झाले. ते पद सोडल्यावर मुंबईत त्यांनी लेखणी चालविली; ‘अरुणोदय’ हे आत्मवृत्त १८८८ साली निघाले. गिरण्यांनी ती नगरी वाढत होती, १८९६ साली तेथे प्लेग आला. १९०६ साली त्यांचा अंत झाला. सर्वांस लेखणीचे दान नसते. पण वही सर्वांस ठेवता येते.

मंडळ्यांनो, एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सुगीच्या अर्पणाच्या दिवशी आपण वृद्ध पाळकांस हार घालतो, आणि वर्षभर त्यांच्या दारी जात नाही. आजारी पडल्यावर त्यांस प्रभुभोजन कोण नेतो? उपदेशकांनो, कठीण प्रसंगी त्यांचा सल्ला कोण विचारतो? आम्हीही त्या रस्त्याने कित्येकदा गेलो होतो व थांबलो नव्हतो.

निघताना त्यांनी वही पुढे करून विचारले, “पालमकडे यंदा कोणा बालकांचे बाप्तिस्मे झाले?” आम्ही दोन नावे सांगितली, ती त्यांनी थरथरत्या हाताने लिहिली. तिसऱ्या बालकाचे नाव आम्हांस आठवेना. कळवितो, असे सांगून आलो. त्यांनी त्या ओळीत जागा मोकळी ठेवली आहे.