घास गिळल्यावर कर्ता कोण?

गंगापूर तालुक्यातल्या कायगावजवळ गोदावरी ओलांडली की नेवासा तालुका लागतो. या नेवाशातच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली. गीतेच्या पंधराव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, की वैश्वानर अग्नी होऊन, प्राण आणि अपान यांच्या साथीने देहातले अन्न मीच पचवतो.

घास तोंडात घालेपर्यंत माणूस कर्ता. गिळला, की त्याची सत्ता संपते.

पुढचा कारभार जठराचा आणि आतड्याचा. त्यांच्या भिंतीत स्नायूंच्या थरांमध्ये चेतापेशींचे जाळे असते आणि त्याला लागून स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांनी वर्णिलेल्या पेशी. या पेशींतून विजेच्या संथ लाटा उठतात: जठरात मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२. लाटा ताल धरतात, चेतातंतू हुकूम सोडतात. अन्नामागचा भाग आवळतो, पुढचा सैलावतो. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या, तरी ही हालचाल चालूच राहिली.

मग वैश्वानर खोटा ठरला का? मुळीच नाही. ‘मी पचवले’ हा अहंकार गीतेने काढून घेतला. विज्ञानानेही तो माणसाला परत दिलेला नाही.

मात्र देवावर हवाला ठेवून उपचार टाळणे हा गीतेवरच अन्याय. हिर्शस्प्रुंग विकारात बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात या चेतापेशी जन्मतःच नसतात. तो भाग सैलावतच नाही, पोट फुगते. शस्त्रक्रियेने तो काढता येतो. जन्मानंतर ४८ तासांत बाळाला पहिली शी झाली नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.