हस्तिदंतावरचे चेहरे

तळहातात मावेल एवढ्या हस्तिदंताच्या कापावर जलरंगाने काढलेले स्त्रीचे व्यक्तिचित्र ही अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदार घराण्यांची अगदी खासगी चीज होती. दिवाणखान्यातले मोठे तैलचित्र आल्यागेल्याला घराण्याचा दिमाख दाखवी. हे मात्र बहुधा एकाच्याच डोळ्यांसाठी असे. ते लॉकेटात, कंकणात नाहीतर तपकिरीच्या डबीच्या झाकणात बसवत आणि कधी मागे काचेखाली त्याच बाईच्या केसांची बट ठेवत. ज्याला द्यायचे त्याला ती कोण हे ठाऊकच असल्याने नाव लिहिण्याची गरज सहसा कोणाला वाटली नाही. पुढचा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आधी ही चित्रे चर्मपत्रावर काढत. 1700च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएराने हस्तिदंत रूढ केला. 1720मध्ये ती पॅरिसला आली आणि तिथल्या शाही कला अकादमीने तिला सदस्य करून घेतले. काप इतका पातळ असे, की त्यातून उजेड झिरपे. चेहऱ्यावर रंग जेमतेमच लावायचा, त्वचेचे काम दाताच्या मूळ झळाळीवर सोपवायचे. मागे चांदीचा वरख घातला की गालांवर तजेला येई. पण हस्तिदंत तेलकट, त्यावर पाण्याचा रंग धरत नाही. म्हणून तो घासून घेत आणि डिंकात कालवलेला रंग ठिपक्याठिपक्यांनी चढवत. मूळचा स्वीडिश पेटर आडोल्फ हाल याने पॅरिसमध्ये मोकळे फटकारे मारून या शिस्तीत जीव आणला. दमट हवेचे मात्र या चित्रांशी हाडवैर. काप वाकतो, तडकतो, डिंकाला बुरा येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडे ठेवलेले असे चित्र फार काळ टिकायचे नाही.

1789च्या क्रांतीनंतर कित्येक घराणी उधळली, चिजा विकल्या गेल्या आणि चेहरे ओळखणारी माणसे उरली नाहीत. 1839मध्ये छायाचित्रण आले तसा लघुचित्रकारांचा धंदाही बसत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी गिऱ्हाइकांसाठी नवी चित्रे निघू लागली: मारी आंत्वानेत, मादाम द पाँपादूर, मादाम रेकामिए. चेहरे छापील चित्रांवरून उचललेले, सही जुन्या नामवंताची, चौकट झगमगीत. दिल्लीच्या चिताऱ्यांनीही त्याच काळात साहेबलोकांना हस्तिदंतावरच्या मुमताजमहल आणि नूरजहान विकल्या, त्याही कल्पनेतल्याच. म्हणून राणीचे नाव मिरवणाऱ्या चित्रापेक्षा निनावी बाईचे चित्र अस्सल असण्याचा संभव अधिक.

पारख भिंगाखालीच होते. छापील नकलेत ठिपके एकसारख्या ओळींत दिसतात, हाताने काढलेले ठिपके लहानमोठे असतात. खऱ्या हस्तिदंतात बारीक, किंचित वेड्यावाकड्या रेषा असतात; सेल्युलॉइडच्या बनावटीत त्या नसतात, नाहीतर आखल्यासारख्या सरळ येतात. पोशाखही काळ सांगतो: केसांचे उंच मनोरे 1770च्या दशकातले, साधा पांढरा मलमलीचा झगा 1780नंतरचा. आता व्यापारावरच कायद्याची बंधने आहेत. 1989मध्ये आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला आणि भारतात 1991च्या कायदेदुरुस्तीने आयात हस्तिदंताच्या वस्तूंची विक्रीही थांबली.