आठ वाजताची गोळी

आधी बसा. खुर्ची असो, पलंगाची कड असो, पाठ टेकता आली म्हणजे झालं. हे मनन ज्यांच्या शरीरात दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय काम करतंय त्यांच्यासाठी आहे, आणि तितकंच त्यांच्या घरच्यांसाठी. सावकाश वाचा. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा आणि मन झालं की पुन्हा या.

नागपूरच्या सदरमध्ये रात्रीचे आठ वाजत आलेत असं समजा. रेसिडेन्सी रोडवर दुकानांचे दिवे लागलेत. मंगळवारी बाजारात उरलेली भाजी भाव पाडून विकणं चाललंय. उड्डाणपुलावरून मानकापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज खिडकीतून आत येतोय. छिंदवाड्याचा रस्ता इथूनच जातो. सावनेर, सौंसर, छिंदवाड्याकडची माणसं त्याच रस्त्याने उपचारासाठी नागपुरात येतात आणि औषधांच्या पिशव्या घेऊन परततात. सदरच्याच टोकाला, कस्तुरचंद पार्कजवळ, प्रत्यारोपण करणारं एक मोठं रुग्णालय आहे. पलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, म्हणजे मेडिकलशी, जोडलेल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपण होतंय. म्हणजे या शहरात, या घडीला, बऱ्याच घरांतून मोबाइलचा एकच गजर वाजणार आहे. तो वाजण्याआधीची काही मिनिटं आपली आहेत.

तळहात उघडा. त्यावर रात्रीची कॅप्सूल ठेवा. नसेल तर आहे असं समजा.

बहुतेकांच्या हातात ती टॅक्रोलिमसची असेल. ओपीडीत सगळे तिला टॅक्रो म्हणतात. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून हे औषध निघालं. त्याच्या आधीचं सायक्लोस्पोरीनही मातीतलंच, नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीतल्या एका बुरशीचं. तळहातावर जे आहे ते कुठून आलंय हे एकदा शांतपणे मनात येऊ द्या. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये एका भावाचं मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसवलं आणि ते चाललं, कारण ते दोघे एकसारखे जुळे होते. घेणाऱ्याच्या शरीराला ते परकं वाटलंच नाही. आई आणि मुलगा, नवरा आणि बायको, एक अनोळखी माणूस आणि दुसरा अनोळखी माणूस, यांच्यासाठी मात्र औषधांची वाट पाहावी लागली. तुमच्या हातातली कॅप्सूल त्या वाट पाहण्यातूनच आली आहे.

आता कॅप्सूल बाजूला ठेवा आणि तो हात पोटाच्या खालच्या भागावर, जांघेच्या जरा वर, जिथे टाक्यांची खूण आहे तिथे ठेवा. मूत्रपिंड घेतलेल्यांचं नवं मूत्रपिंड इथेच असतं. जुनी दोन्ही बहुधा मागे आपल्या जागी तशीच राहतात. नव्याला रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, मूत्रवाहिनी जोडलेली असते. मज्जातंतू मात्र शल्यचिकित्सक जोडत नाहीत. म्हणून शरीर त्याच्यावर हल्ला करत असलं तरी ते बहुतेक वेळा दुखत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं कागदावर दिसतं तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. हाताखाली काहीच जाणवत नाहीये ना? ठीक आहे. काही जाणवत नाही, एवढ्यावरून सारं ठीक आहे असं धरू नका. लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, आणि क्रिएटिनिन तपासतात ते यासाठीच.

हात तसाच राहू द्या. श्वास आपला आपण चालू द्या.

विदर्भात पीक उभं असलं की शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाणावर बसतो, रानडुक्कर आलं की हाकारतो. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी तशी जागल करत असतात, आणि हे नवं मूत्रपिंड त्यांच्या लेखी बाहेरून शेतात शिरलेलंच आहे. पाच वर्षं झाली, दहा वर्षं झाली, तरी क्वचितच कुणाच्या शरीराला त्याची ओळख पटते. टॅक्रो आणि तिच्या सोबतीची औषधं त्या जागल्याला गाढ झोपवत नाहीत; झोपवलं तर साध्या सर्दीनेही जीव जाईल. त्याच्या डोळ्यांवर फक्त झापड राहील इतकंच ती करतात. ही झापड सुमारे बारा तास टिकते. म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ. म्हणूनच लेव्हलसाठीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढतात. औषध जास्त झालं तर मूत्रपिंडालाच इजा होते, कमी झालं तर जागल्या उठतो, आणि या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे.

आता एक वाक्य मनात घ्या: मला बरं वाटतंय.

हे वाक्य किती वर्षांनी वाट्याला आलं ते आठवा. आठवड्यातले डायलिसिसचे दिवस, मोजून प्यायलेलं पाणी, सुजलेले पाय, मशीनवरून उठल्यावर गळून गेलेलं अंग. ते सगळं मागे पडलं आणि एके दिवशी बरं वाटू लागलं. या वाक्यात आनंद आहे, तो पुरेपूर घ्या. आणि त्याच्याच पोटात धोका आहे, तोही पाहा. आजारी माणूस औषध विसरत नाही, कारण आजार आठवण देतो. बरा झालेला माणूस विसरतो. बरं वाटणं हे गोळीचंच काम आहे, हे मन दर वेळी नव्याने विसरतं, म्हणून ते दर वेळी नव्याने पाहावं लागतं. मला तरी या मननाचं कारण एवढंच वाटतं.

इथे घरच्या माणसांनी जरा जवळ सरकावं.

२००४ साली जगभरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. मूत्रपिंड गमावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांची औषधं त्याआधी चुकत होती, असं त्यात दिसलं. हा आकडा ऐकला की पहिला विचार येतो: इतकी बेफिकिरी? त्या विचाराला येऊ द्या आणि जाऊ द्या. कारण गोळी चुकते ती क्वचितच बेफिकिरीने. शिफ्ट बदलते तेव्हा चुकते. लग्नाच्या पंगतीत, चारचौघांत डबा काढायची लाज वाटते म्हणून चुकते. कॉलेजातल्या पोराला मित्रांसारखं दिसायचं असतं आणि स्टिरॉइडने चेहरा गोल झालेला असतो, म्हणून तो गोळी मुद्दाम ठेवून देतो. सतरा ते चोवीस या वयात मूत्रपिंड गमावण्याचा धोका सर्वांत जास्त असल्याचं पाहणीत आढळलं आहे, यात नवल नाही. हात थरथरतो आणि चहाचा कप धरता येत नाही, म्हणून चुकते. मायकोफेनोलेटने पोट बिघडतं, म्हणून चुकते. एखाद्या सुनेला बाळ हवं असतं, या औषधाने गर्भाला इजा होते असं कुठूनतरी कळलेलं असतं (ते खरंच आहे), आणि डॉक्टरांना विचारायच्या आधी ती स्वतःच औषध बंद करते. विचारलं असतं तर वेळेत दुसरं औषध मिळालं असतं. आणि पैसे संपतात, म्हणून चुकते.

यातलं तुमच्या घरात कोणतं आहे? लगेच उत्तर देऊ नका. पाच श्वास जाऊ द्या.

आता सगळ्यांत अवघड जागा. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या जास्त आहे: आई, बायको, बहीण. मेंदूमृत व्यक्तीच्या नातेवाइकांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात, आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट रात्री कागदावर सही केली, म्हणूनही इथल्या कित्येकांना अवयव मिळाला आहे. नागपूरचं विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र अशा दानांची प्रतीक्षायादी सांभाळतं, आणि अवयव न्यायचा असेल तेव्हा पोलिस रस्ता मोकळा करून देतात. हे सारं स्मरावं, त्या माणसांना मनोमन हात जोडावेत. पण घरात गोळी राहिली की एक वाक्य हमखास निघतं: आईने स्वतःचं मूत्रपिंड काढून दिलं आणि तुला दोन गोळ्या घेता येत नाहीत?

हे वाक्य मायेपोटी येतं, भीतीपोटी येतं, मला ते कळतं. तरी ते बोलू नये असं माझं ठाम मत आहे. ते ऐकणारा माणूस पुढच्या वेळी गोळी विसरला तर सांगत नाही. रिकामी पट्टी दाखवतो. तपासणीच्या आधीचे चार दिवस सगळं नीट घेतो, लेव्हल बरी येते, आणि डॉक्टरही फसतात. उपकाराची आठवण दिल्याने गोळी वाढत नाही, खोटं वाढतं. आणि खोट्यावर डॉक्टर उपचार करू शकत नाहीत.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर, डोळे न रोखता एवढं विचारा: या आठवड्यात कुठली गोळी घेणं अवघड गेलं? विचारून गप्प बसा. उत्तर येईल. सकाळची राहिली, ट्रेनमध्ये होतो, असं म्हणेल. मग त्यावर उपाय सुचतो: एक दिवसाच्या गोळ्या कायम पिशवीत, पट्टीवर तारीख लिहिलेली, गजर दोन मोबाइलवर. उशीर झाला तर किती तासांपर्यंत घ्यायची, हे आपल्या केंद्राला आधीच विचारून कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवलेलं असावं. मनाने दोन एकदम घ्यायच्या नाहीत. कॅनडा आणि अमेरिकेत ११ ते २४ वयाच्या मूत्रपिंड घेतलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. इलेक्ट्रॉनिक डबा आणि आठवण देणारे संदेश होतेच, पण सोबत एक माणूस ठरावीक काळाने बसून विचारायचा की अडतंय कुठे. या मुलांनी बाकीच्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या.

बाहेरच्याही काही गोष्टींकडे पाहून घेऊ. शेजारच्या काकू काढा आणतील, गुळवेल आणतील, म्हणतील प्रतिकारशक्ती वाढेल. प्रेमाने नमस्कार करा आणि घेऊ नका. तुमच्या शरीरात जागल्याला जागं करायचं नाहीये. पपनस आणि त्याच्या कुळातलं ग्रेपफ्रूट टाळा, त्याने टॅक्रोची लेव्हल चढते. नागपुरी संत्र्याचं काय, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा. अंग दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक आणू नका, आणि क्षयाचं औषध सुरू व्हायचं असेल तर रिफॅम्पिसिनने टॅक्रोची लेव्हल कोसळते हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय पहिली गोळी नको. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं टॅक्रो दिलं तर ते सांगा, लेव्हल पुन्हा बघावी लागते. मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो. औषध गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. नवरात्राचा उपवास असो, रमजानचा रोजा असो, धरायचा की नाही आणि धरला तर गोळी कशी, हे सण येण्याच्या महिनाभर आधी विचारायचं असतं. सदरमध्ये मंदिर, मशीद, चर्च हाकेच्या अंतरावर आहेत. तिन्हीकडच्या जाणत्यांनी आपल्या माणसांना एवढं सांगितलं तर मोठं काम होईल.

पैशांचं मात्र मननाने भागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी सरकारी योजना धावते, ट्रस्ट धावतात, नातेवाईक सोनं मोडतात. तिसऱ्या वर्षी औषधाचं बिल तसंच येतं आणि दारात कुणी नसतं. अमेरिकेतही केवळ मूत्रपिंडाच्या आजारामुळे सरकारी विमा मिळालेल्यांची या औषधांची मदत ३६ महिन्यांनी थांबायची. १ जानेवारी २०२३ पासून त्यांच्यातल्या दुसरा विमा नसलेल्यांना ती पुढेही मिळू लागली. शस्त्रक्रियेला लाखो रुपये द्यायचे आणि ती टिकवणाऱ्या गोळीला हात आखडायचा, हा हिशेब आपल्याकडेही चुकीचाच आहे. रुग्णाला अवयव दिला त्याच दिवशी त्याच्या आयुष्यभराच्या औषधांची जबाबदारीही समाजाने घेतली असं मानायला हवं.

गजर वाजतोय. पाणी घ्या, गोळी घ्या. मग डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. आठ दिवसांपेक्षा कमी असतील तर उद्या दुकान उघडताच आणा. आणि गेल्या महिन्यात एखादी राहिली असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. आपल्या केंद्राच्या समन्वयकांना फोन करा आणि जसं झालं तसं सांगा.