विकलं, पण सोडलं का?

वस्तू विकली, पैसे मोजून घेतले, की तिच्यावरचा आपला हक्क संपला. हा नियम आमच्या बेळगावच्या पेठेत लहान पोरालाही ठाऊक असतो. मोटारीचं मात्र तसं नाही. गाडी आपल्या दारात, कागदपत्रं आपल्या नावावर. पण इंजिनाचा दिवा का लागला, हे विचारायला जायचं कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला. दोष वाचायचं यंत्र, त्याचं सॉफ्टवेअर, मूळ सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीच्या हाती सहजी पडतच नाहीत. मग येईल ते बिल मुकाट्यानं भरायचं.

हा नुसता गिऱ्हाइकाचा त्रागा नव्हे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना याच कारणासाठी दंड ठोठावला, एकूण सुमारे 2,545 कोटी रुपये. भाग बनवून देणाऱ्या कारखान्यांनाही ते थेट बाजारात विकायला आडकाठी होती, असं आयोगाला दिसलं. उद्यमबागेत ओतकामात आणि लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसांच्या गावात हे वाचलं की मन चरकतं. पुढं अपिलं झाली. कायद्याचं कायदा बघेल. मला प्रश्न पडतो तो धर्माचा.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अन्नपाननिरोध' येतो. दावणीला बांधलेल्या जनावराचं वैरणपाणी तोडणं. मारलं नाही, रक्त सांडलं नाही, तरी ती हिंसाच. ज्याच्या हातात कसब आहे त्याची हत्यारं अडवली, तर आपण त्याच्या ताटातलंच अडवलं की नाही?

कंपन्या म्हणतात, ब्रेक आणि एअरबॅग हा जिवाचा प्रश्न आहे, बाजारात नकली भाग फार. खरं आहे. नकली माल अस्सल म्हणून खपवणं हा अचौर्याचाही अतिचार आहे, आणि स्वस्तात मिळतोय म्हणून तो जाणूनबुजून बसवून घेणारे आपणही त्यातून सुटत नाही. पण नकलीवर उपाय अस्सल लपवणं हा कसा? लपवल्यानं तर नकलीचंच फावतं. माहिती द्या, पैसे घेऊन शिकवा, भाग विका. आयोगानं वॉरंटीबद्दलही तोल साधला होता: बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून ती सरसकट रद्द करू नका, बाहेरच्या चुकीनं जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारा. ज्याची चूक, त्याच्यावर भार. यात अन्याय कुणावर?

अपरिग्रह म्हटलं की आपण कपाटातल्या साड्या मोजतो. पण परिग्रह वस्तूत नसतो, 'हे माझंच' या मूर्च्छेत असतो. पूर्ण किंमत वसूल करूनही ज्याची मूठ उघडत नाही, त्यानं विकलं खरं, पण सोडलं नाही. अशा व्यवहाराला नफा म्हणता येईल. न्यायोपार्जित धन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.