यंत्रापुढील साक्ष

यंत्राला खोटे सांगणे हे पाप आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. असत्य भाषणाची चिकित्सा करताना संत ऑगस्टीन यांनी फसविण्याच्या हेतूला महत्त्व दिले. आणि ज्याला मनच नाही त्याला फसविणार तरी कसे? परंतु आपल्या धर्मग्रामांतील जी मुलेमुली मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांत नोकरी करतात, त्यांच्यापुढे हा प्रश्न आता खराखुरा उभा राहिला आहे.

त्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. पेढीची बिले, पावत्या, गिऱ्हाइकांची खाती संगणकात साठविलेली असतात. ती शोधून देण्यासाठी पूर्वी कारकून लागे. आता माणसाने साध्या भाषेत विचारलेला प्रश्न घेऊन, हाताशी असलेल्या साधनांतून योग्य ते निवडून, नोंद काढून आणण्याचे काम ‘एआय एजंट’ करू लागला आहे. प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे चार ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी याचा तपशील त्याला लिहून दिला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यातही साधनाची ओळख अशीच करून दिली जाते. साधनाच्या पोटात काय चालते हे एजंटाला सहसा दिसत नाही. तो विसंबतो ते त्या चार ओळींवर.

आम्हा धर्मगुरूंना ही स्थिती अगदीच अपरिचित नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार व्यक्तीचे दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची नोंद तिच्या स्नानसंस्काराच्या नोंदीतही करावी लागते. एवढेच नव्हे, तर दाखला देताना ते शेरे दाखल्यावर उतरवावे लागतात. कारण उघड आहे. एका धर्मग्रामात विवाह झालेला पुरुष शेऱ्याविना दाखला घेऊन दुसऱ्या धर्मग्रामात लग्नाला उभा राहिला, तर त्या दाखल्यातील शब्द न् शब्द खरा असेल आणि दाखला मात्र खोटी साक्ष देईल.

आता एखादी पतपेढी डोळ्यांसमोर आणा. ‘सभासदाच्या कर्जाची बाकी दाखवते’ असे एका साधनाचे वर्णन आहे. वस्तुतः ते साधन काल रात्रीपर्यंतच्याच नोंदी पाहते आणि जुन्या शाखेतून वर्ग झालेली खाती त्यात नाहीत. वर्णनात हे दोन्ही लिहिलेले नाही. आज सकाळी खिडकीवर शेवटचा हप्ता भरून गेलेल्या बाईच्या नावे दुपारी थकबाकीची नोटीस तयार होते. एजंटाने आपले काम चोख केले. कारकुनाने एजंटावर विश्वास ठेवला. आणि ती बाई पावती शोधत घर उचकटते आहे.

याहून फसवे उत्तर म्हणजे ‘काही सापडले नाही’. याचा अर्थ काय घ्यावा? नोंद अस्तित्वातच नाही? या साधनाने त्या कपाटात पाहिलेच नाही? की पहिल्या पन्नास नोंदी पाहून ते थांबले? जाणता कारकून ‘फादर, जुनी वही पाहायची राहिली आहे’ असे आपणहून सांगतो. एजंटाला ते सांगता यावे, तर जुनी वही आहे हे कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांनी सत्यवचनाला एक नैतिक ऋण मानले आहे. परस्परांवर विश्वास ठेवल्यावाचून माणसांना एकत्र राहता येणार नाही, हे त्याचे कारण. हे ऋण यंत्राचे नव्हे. यंत्र मधला निरोप्या आहे. ऋण त्या बाईचे आहे. वर्णन लिहिणाऱ्याने तिला कधी पाहिलेले नसते आणि तिला त्याचे नाव ठाऊक नसते, म्हणून ते फिटत नाही. आठव्या आज्ञेने निषिद्ध ठरविलेली खोटी साक्ष शेजाऱ्याविरुद्धची आहे, साक्ष ऐकणाऱ्याविरुद्धची नव्हे.

‘मी खोटे कुठे लिहिले? एक वाक्य राहून गेले,’ असे कोणी म्हणेल. पण ते नेमके का राहते? साधनाच्या मर्यादा लिहिल्या की साधन उणे दिसते, आणि मुदत तर संपत आलेली असते. हल्ली ही वर्णनेही यंत्राकडूनच लिहवून घेतात. ते साधनाच्या नावावरून अंदाज बांधून गुळगुळीत वाक्य देऊ शकते आणि वाचणाऱ्याची खात्री पटते! व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आंतिक्वा एत नोव्हा’ या टिपणात जबाबदारी माणसाकडेच राहते असे बजावले आहे. निदान आपल्या नावाने जाणारे वर्णन साधन उघडून ताडून पाहावे, एवढा तरी त्याचा अर्थ आहे. अर्थात सर्वच सूचनांचा ढीग रचणेही उपयोगाचे नाही; डझनावारी वर्णने एकदम वाचणारा एजंट त्या गर्दीत चुकीचे साधन उचलू शकतो. येथे विवेक हवा.

आणखी एक गल्लत होते. ‘पगाराच्या नोंदी दाखवू नयेत’ असे वर्णनात लिहिले की कर्तव्य संपले, असे काहींना वाटते. ही कपाटावर लावलेली पाटी झाली, कुलूप नव्हे. धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात परवानगीविना प्रवेश नाही, पण स्वतःच्या वैयक्तिक स्थितीसंबंधीच्या सार्वजनिक स्वरूपाच्या कागदाची प्रत मागण्याचा अधिकार संबंधिताला आहे, असे ४८७ वे कलम सांगते. आणि तिथे किल्ली खरोखरची असते. कोण विचारतो आहे, त्याला अधिकार आहे काय, हे साधनातच तपासले गेले पाहिजे. अधिकार नसेल तेव्हा ‘नोंद नाही’ हे असत्य उत्तर येऊ नये. मात्र नोंद आहे एवढे कळल्यानेही जेथे कोणाच्या अब्रूला धक्का लागेल, तेथे ‘याविषयी सांगता येत नाही’ हेच उत्तर असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही नोंदींना सारखे द्यावे लागेल.